बासन, गवसणी आणि बॅक कव्हर

वस्तू झाकणाऱ्या वस्तूंसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. पोथीला बासन असते, कागदपत्रांना रुमाल, तलवारीला म्यान, तंबोऱ्याला गवसणी, गादीला खोळ आणि उशीला अभ्रा. या सर्वांचे काम वरवर पाहता एकच असले, तरी प्रत्येक शब्दात त्या वस्तूला असलेला धोका आणि ती उघडण्या-झाकण्याची रीत सामावलेली आहे. या शब्दांपासून तयार झालेले वाक्प्रचार पाहिले म्हणजे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. एखादा प्रस्ताव बासनात गुंडाळला गेला म्हणजे त्याचा विचार थांबला आणि तलवार म्यान केली म्हणजे लढाई थांबली; म्हणजेच वस्तूवर आच्छादन चढले की तिचा वापर संपला, असे भाषेने गृहीत धरलेले आहे. स्मार्टफोनच्या आच्छादनाला मात्र मराठीने असा स्वतःचा शब्द दिला नाही. दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही त्याला ‘बॅक कव्हर’, ‘फ्लिप कव्हर’ किंवा नुसते ‘कव्हर’ म्हणतात. हे आच्छादन वापर थांबल्यावर चढत नाही, तर वापर चालू असताना वस्तूच्या अंगावरच राहते, आणि त्याच्या इतिहासातील मुख्य स्थित्यंतर हेच आहे. विश्रांतीतील वस्तूचे रक्षण करणारी आच्छादने मागे पडून वापरातील वस्तूचे रक्षण करणारी आच्छादने कशी आली, हे समजल्याखेरीज आज दुकानात टांगलेल्या नाना प्रकारच्या कव्हरांची तुलनाही नीट करता येत नाही.

विश्रांतीच्या आच्छादनाचे सर्वांत शुद्ध उदाहरण म्हणजे पोथी. ताडपत्राची पाने दोन लाकडी फळ्यांमध्ये ठेवून, पानांच्या छिद्रांतून दोरी ओवून ती आवळली जात. पुढे कागदाच्या सुट्या पानांच्या पोथ्या आल्या, तरी वरखाली फळी आणि भोवती कापडाचे बासन ही रचना बरीचशी टिकून राहिली. येथे शत्रू होते ओल, धूळ, कसर आणि पाने वाकण्याची प्रवृत्ती. हे सर्व सावकाश काम करणारे शत्रू असल्यामुळे फळीने पाने सपाट ठेवावीत आणि कापडाने धूळ व किडे अडवून थोडी हवा खेळू द्यावी, एवढी व्यवस्था पुरेशी ठरे. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागदपत्रेही अशीच कापडात बांधलेली असून त्या गाठोड्यांना रुमाल म्हणतात. संशोधक एखाद्या कागदाचा संदर्भ देताना रुमालाचा क्रमांक देतात, म्हणजे कागदावरचे फडकेच येथे कागदाचा पत्ता बनले. अशा आच्छादनाला पारदर्शकतेची, घट्ट बसण्याची किंवा दिमाखाची गरज नव्हती. ते सोडून बाजूला ठेवल्याशिवाय आतील वस्तू वापरता येत नसे आणि त्यात कोणाला अडचणही वाटत नसे.

म्यानाची गोष्ट थोडी वेगळी होती, कारण तलवार अंगावर बाळगायची असल्यामुळे तिचे आच्छादन हातघाईच्या क्षणी अडथळा न करता सुटले पाहिजे आणि एरवी मात्र घट्ट राहिले पाहिजे, अशा दोन परस्परविरोधी अटी त्याला पाळाव्या लागत. दोन पातळ लाकडी पट्ट्या कोरून त्या जोडायच्या, वर चामडे किंवा मखमल चढवायची आणि ज्या दोन जागी सर्वाधिक मार बसतो त्या तोंडाशी व टोकाशी धातूची टोपणे बसवायची, ही म्यानाची सर्वसाधारण घडण होती. संपूर्ण आच्छादन जड न करता केवळ मोक्याच्या जागा बळकट करण्याचे हे तत्त्व आजच्या फोनकव्हरांच्या जाड कोपऱ्यांतही तसेच आढळते.

शस्त्राकडून वाद्याकडे जाणारा एक धागा मिरजेत सापडतो. एकोणिसाव्या शतकात संस्थानी फौजांचे महत्त्व घटत गेले, तेव्हा शस्त्रांना धार लावण्याचा व ती घडवण्याचा धंदा करणारी शिकलगार घराणी तेथे सतार आणि तंबोरा बनवू लागली आणि फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून या कामाची परंपरा सांगितली जाते. तंबोऱ्याचा भोपळा वाळवलेल्या फळाचा असल्याने एका ठोकरीत तडकू शकतो, म्हणून त्याला जाड, बहुधा अस्तर लावलेली गवसणी शिवतात. गवसणी हे मापाचे आच्छादन असते. एका वाद्याची गवसणी दुसऱ्याला नीट बसत नाही, आणि आकाशाला गवसणी घालणे हा अशक्याच्या आकांक्षेसाठी रूढ झालेला वाक्प्रचारही मापाच्या याच कल्पनेवर उभा आहे, कारण ज्याला माप नाही त्याची गवसणी बेतायची कशी? फोनचे कव्हर मापाच्या बाबतीत बासनाचे नव्हे तर गवसणीचे वारस आहे, मात्र वापराच्या बाबतीत ते दोघांनाही सोडून जाते.

सतत जवळ बाळगण्याच्या आणि वारंवार पाहण्याच्या यंत्राचा प्रश्न प्रथम युरोपातील खिशातील घड्याळांनी उभा केला. सतराव्या शतकाच्या मध्यापासून अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अशी घड्याळे बहुधा दुहेरी कवचात येत. आतील कवचाला किल्लीसाठी भोक असे आणि त्यातून धूळ आत जाई, म्हणून त्यावर दुसरे, सुटे कवच चढवले जाई आणि ते कधी नक्षीच्या धातूचे, कधी कासवाच्या पाठीचे, तर कधी माशाच्या खरबरीत कातडीने मढवलेले असे. तुर्की बाजारासाठी तयार होणाऱ्या घड्याळांना तर तीन-तीन, चार-चार कवचे असत. पुढे कवच आणि घड्याळ एकजीव होऊन ‘हंटर’ हा प्रकार रूढ झाला, ज्यात काचेवर स्प्रिंगचे झाकण असे आणि वेळ पाहण्यासाठी ते उघडावे लागे. त्यातील गैरसोय दूर करण्यासाठी झाकणाच्या मध्यभागी छोटी काचेची खिडकी ठेवून भोवती तासांचे आकडे कोरले गेले व या प्रकाराला ‘हाफ हंटर’ असे नाव पडले. २०१३ साली सॅमसंगने गॅलक्सी एस ४ या फोनसाठी झाकणात खिडकी असलेले कव्हर आणले, ज्यातून झाकण न उघडता वेळ आणि येणारा कॉल दिसे. ही कल्पना हाफ हंटरचीच होती, कारण प्रश्नही तोच होता: झाकलेले राहावे आणि दिसतही राहावे.

घड्याळ खिशातून मनगटावर आले तेव्हा त्याची विश्रांती संपली. पहिल्या महायुद्धात खंदकांतील सैनिकांच्या मनगटी घड्याळांवर काचेला तोफगोळ्यांच्या कपच्यांपासून वाचवण्यासाठी धातूची जाळी बसवली जाई आणि तिच्या फटींतून आकडे वाचता येत. या वाटेवरील एका प्रसिद्ध टप्प्याचा संबंध भारताशी आहे. येथे पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा खेळात फुटत, म्हणून चौकटीत सरकवून उलटे करता येईल आणि धातूची पाठ बाहेर येईल अशा घड्याळाची कल्पना निघाली. त्याचा पेटंट अर्ज ४ मार्च १९३१ रोजी पॅरिसमध्ये दाखल झाला आणि ते घड्याळ ‘रिव्हर्सो’ या नावाने ओळखले जाते. येथे आच्छादन वेगळे उरलेच नाही, वस्तू स्वतःच स्वतःचे आच्छादन झाली. तरीही खेळताना काच आत वळवलेली असल्यामुळे वेळ पाहता येत नसे, म्हणजे या घड्याळात रक्षण आणि वापर हे आळीपाळीनेच घडत होते.

ही आळीपाळी मोडण्याचे श्रेय विसाव्या शतकातील चामड्याच्या कवचांना द्यावे लागते. कॅमेऱ्याचे चामडी कवच पुढून उघडून खाली लोंबत राही आणि कॅमेरा त्यातच ठेवून छायाचित्र काढता येई. ट्रान्झिस्टर रेडिओ १९५४ साली अमेरिकेत बाजारात आला आणि पुढील दोन दशकांत भारतातील गावागावांत पोहोचला, तेव्हा त्याच्या चामडी कवचात ध्वनिक्षेपकासमोर बारीक छिद्रे, चकत्यांसाठी खाचा आणि खांद्यावर अडकवण्यासाठी पट्टा असे. रेडिओ कवचाबाहेर न काढता ऐकता येत होता आणि चालत्या माणसाबरोबर तो चालतही होता. यंत्राच्या प्रत्येक कार्यासाठी कवचात नेमके एक भोक ठेवायचे, ही फोनकव्हराची मूळ रीत अशा प्रकारे फोनच्या आधीच सिद्ध झालेली होती.

हाती धरण्याचा पहिला व्यावसायिक मोबाइल फोन, मोटोरोलाचा डायनाटॅक, १९८३ साली आला. पाऊण किलोहून अधिक वजनाच्या त्या यंत्राची जाड प्लास्टिकची काया हेच त्याचे संरक्षण होते. भारतात ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांना पहिला मोबाइल कॉल केला. त्यानंतरच्या काही वर्षांत, येणाऱ्या कॉललाही पैसे पडत होते त्या काळात, पट्ट्याला अडकवायचे चामडी पाकीट हे फोनचे ठराविक आच्छादन बनले. ते कार्याच्या दृष्टीने म्यान होते, कारण फोन बोलण्यासाठी त्यातून बाहेर काढावा लागे, परंतु कमरेवर सर्वांना दिसेल असे मिरवण्यात त्याचा खरा उपयोग होता. त्याच काळात बटणांवर मऊ पारदर्शक प्लास्टिक असलेल्या पिशव्याही आल्या आणि त्यात फोन ठेवूनच बटणे दाबता येत. १९९८ सालच्या नोकिया ५११० फोनचे दर्शनी आवरण मालकाला स्वतःच बदलता येत होते, तर २००३ सालच्या नोकिया ११०० फोनच्या बटणांवर अखंड रबरी पडदा असल्याने धूळ आत जात नसे. या फोनचे २५ कोटींच्या आसपास नग जगभर विकले गेले आणि ते कव्हराविनाही निर्धास्त वापरता येत. येथवर आच्छादन ही शोभेची किंवा सवयीची बाब होती, गरज नव्हती.

गरज निर्माण केली ती काचेने. २००७ सालच्या आयफोनमध्ये, आणि पाठोपाठ इतर कंपन्यांच्या फोनमध्ये, आकड्यांची बटणे जाऊन जवळजवळ संपूर्ण दर्शनी भाग स्पर्शपटलाचा झाला. आयफोनचा जानेवारीत जाहीर झालेला नमुना प्लास्टिकच्या पृष्ठभागाचा होता, पण जूनमध्ये विक्री सुरू होण्याआधी तो बदलून काचेचा करण्यात आला. ही काच अमेरिकेतील कॉर्निंग या कंपनीने १९६०च्या दशकात विकसित केलेल्या तंत्रावर आधारलेली होती. तापलेल्या क्षाराच्या द्रवात काच बुडवली की तिच्या पृष्ठभागातील लहान सोडियम आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, निघून जातात आणि त्यांच्या जागी मोठे पोटॅशियम आयन दाटीवाटीने बसतात. त्यामुळे पृष्ठभाग कायम दाबाखाली राहतो आणि ओरखडा सहजासहजी तडा बनत नाही. तरीही कडेवर किंवा कोपऱ्यावर बसलेला आघात एका बिंदूत एकवटला की अशी काचही फुटते. दुसरी अडचण स्पर्शाची होती. हे पटल बोटाच्या विद्युतवाहकतेमुळे स्पर्श ओळखते, म्हणून त्यावर कापड, चामडे किंवा जाड प्लास्टिक चालत नाही. म्हणजे फोनचा सर्वांत नाजूक भाग नेमका तोच, जो उघडा ठेवल्यावाचून गत्यंतर नाही. आच्छादनाच्या दीर्घ इतिहासात असा पेच यापूर्वी आलेला नव्हता, आणि पाठीला कव्हर व पुढे वेगळी पातळ काच ही आजची विभागणी त्यातूनच जन्मली.

वापरातील वस्तूचा शत्रूही वेगळा असतो. पोथीला काळाचे भय होते, फोनला क्षणाचे आहे. एक मीटर उंचीवरून निसटलेला फोन जमिनीशी पोहोचताना सेकंदाला सुमारे ४.४ मीटर वेगाने येतो आणि त्याचे नशीब तो किती अंतरात थांबतो यावर ठरते. कठीण फरशीवर उघडा फोन समजा ०.२ मिलिमीटर अंतरात थांबला, तर त्यावरील सरासरी बल त्याच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे ५००० पट होते. कव्हर २ मिलिमीटर दबले तर तेच बल ५०० पटीवर येते. कव्हरांची सारी तुलना या एका हिशेबाभोवती फिरते: ते किती दबते, दबून पूर्ववत होते का आणि पटल जमिनीला टेकू नये म्हणून त्याची कड पटलाच्या किती वर येते.

या कसोटीवर आजच्या प्रकारांचे गुणदोष स्पष्ट होतात. पॉलिकार्बोनेट हे १९५३ साली जर्मनी आणि अमेरिकेत स्वतंत्रपणे सापडलेले कठीण प्लास्टिक आहे. त्याचे कव्हर पातळ, सुबक आणि ओरखड्यांपासून बचाव करणारे असले, तरी फारसे दबत नसल्याने आघात आत पोहोचू देते आणि कोपऱ्याच्या खाचांशी तडकते. सिलिकॉन रबर उत्तम दबते आणि हातातून निसटत नाही, पण त्यावर धूळ व कापसाचे तंतू चिकटतात, ते खिशातून सहज निघत नाही आणि कालांतराने कडांशी सैल पडते. या दोहोंच्या मध्ये टीपीयू, म्हणजे तापवून साच्यात ओतता येणारे पॉलियुरेथेन, बसते. बाजारात ‘सिलिकॉन कव्हर’ म्हणून विकले जाणारे आणि अनेक फोनांच्या खोक्यातच मिळणारे मऊ पारदर्शक कव्हर प्रत्यक्षात बहुतेक वेळा याच पदार्थाचे असते. त्याचा प्रसिद्ध दोष म्हणजे काही महिन्यांत येणारी पिवळी झाक, जी केवळ हाताच्या मळाची नसून अतिनील किरणांमुळे पदार्थाच्या रेणूंत होणाऱ्या बदलाची असते आणि म्हणून धुऊन जात नाही. चामड्याचे कव्हर हाताला सुखावते आणि जुने होताना अधिक देखणे होते, पण कोकणातील पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. झाकणाचे फ्लिप कव्हर ही हंटर घड्याळाची परंपरा आहे. ते विश्रांतीत पटलाचे पूर्ण रक्षण करते, परंतु फोन बहुधा हाती असताना, म्हणजे झाकण उघडे असतानाच पडतो. आत मऊ व बाहेर कठीण असे दोन थरांचे भक्कम कव्हर आघात सर्वांत चांगला सोसते, मात्र फोन जड व जाडजूड करते आणि त्यातील उष्णता बाहेर पडण्यास अडथळा आणते. या शेवटच्या प्रकाराचा एक उगम जलक्रीडांत आहे. अमेरिकेतील कोलोराडो राज्यात १९९८ साली स्थापन झालेली ऑटरबॉक्स ही कंपनी आधी पाण्यात किमती वस्तू कोरड्या ठेवण्याच्या पेट्या बनवत असे.

भक्कम कव्हरांच्या वेष्टनावर हमखास दिसणारा ‘मिलिटरी ग्रेड’ हा शब्दप्रयोग १९६२ पासून चालत आलेल्या मिल-एसटीडी-८१० या अमेरिकी लष्करी मानकाकडे बोट दाखवतो. त्यातील पतन-चाचणीत वस्तू १२२ सेंटिमीटर उंचीवरून २६ वेळा टाकली जाते. हा आकडा पेटीच्या भूमितीतून आलेला आहे, कारण सहा पृष्ठे, बारा कडा आणि आठ कोपरे मिळून २६ होतात. मात्र पडण्याची जागा अनेकदा काँक्रीटवर अंथरलेल्या जाड प्लायवूडची असते, हे २६ आघात पाच नमुन्यांत वाटून देण्याची मुभा असते आणि चाचणी सहसा उत्पादक स्वतःच घेतो वा घेववतो. घरातील फरशी किंवा रस्त्यावरचे खडे यांविषयी ती फारसे काही सांगत नाही.

आच्छादन हे यंत्राच्या उणिवेचे परिमार्जनही असू शकते, हे २०१० साली जाहीरपणे दिसले. आयफोन ४ फोनची पोलादी कडा हीच त्याची अँटेना होती आणि हाताने तिच्या डाव्या बाजूची फट झाकली गेली की संपर्क क्षीण होत असे. १६ जुलै २०१० रोजी पत्रकार परिषद घेऊन अ‍ॅपलने ग्राहकांना फोनच्या कडेभोवती बसणारे रबर व प्लास्टिकचे ‘बंपर’ विनामूल्य देण्याची घोषणा केली. तंबोऱ्याचा सूर गवसणी चढवून दुरुस्त करण्यासारखा हा प्रकार होता. पुढे बिनतारी चार्जिंग धातूच्या पाठीतून होत नाही म्हणून अनेक महागड्या फोनांच्या पाठीही काचेच्या झाल्या आणि पडण्याचा धोका दुणावला. २०२० सालच्या आयफोन १२ पासून चार्जर पाठीला चिकटण्यासाठी चुंबकांचे कडे आले, तेव्हा कव्हरांतही तसेच कडे बसवले जाऊ लागले. आता कव्हर यंत्रावर नुसते चढत नाही, तर त्याच्या कार्यसाखळीतील एक दुवा बनते.

महाराष्ट्रात या सर्व प्रकारांचा प्रसार एका जुन्या सवयीच्या पायावर झाला. जून महिन्यात वह्या-पुस्तकांना खाकी कागदाचे कव्हर घालणे, टेलिफोनवर क्रोशाचे विणकाम पसरणे, टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीतच वापरणे, या गोष्टी ज्या घरांत नित्याच्या होत्या त्यांना फोनसाठी कव्हर घेणे वेगळे शिकवावे लागले नाही. मुंबईच्या मनीष मार्केटपासून पुण्याच्या तपकीर गल्लीपर्यंत आणि तालुक्याच्या एसटी स्थानकाबाहेरच्या टपरीपर्यंत कव्हर आणि ‘टफन ग्लास’ यांचा व्यापार पसरला. पावसाळ्यात गळ्यात अडकवायच्या पारदर्शक जलरोधक पिशव्या त्यात भर घालतात आणि फोन स्वतःच पाणी अडवू लागले तरी त्यांची मागणी पुरती संपलेली नाही. पाठ मोकळी असल्याने तिच्यावर देवतांची चित्रे, राजमुद्रा, कुटुंबाचे छायाचित्र छापून घेतले जाते. मिरवण्याचे जे काम एकेकाळी म्यानावरील मखमल करीत होती, ते असे चालू राहिले आहे.

तरीही बासनापासून कव्हरापर्यंतच्या या वाटचालीत एक गोष्ट पूर्ण उलटी झाली. बासन विरले की नवे कापड आणले जाई, गवसणी फाटली की शिवून घेतली जाई आणि आतील पोथी वा तंबोरा पुढच्या पिढीच्या हाती जाई, कारण आच्छादन झिजावे आणि वस्तू टिकावी हाच त्या व्यवहाराचा अर्थ होता. फोनचे कव्हर एकाच मॉडेलच्या मापाने बेतलेले असते. कॅमेऱ्याची जागा अर्धा सेंटिमीटर सरकली तरी ते पुढच्या फोनला बसत नाही आणि फोन काही वर्षांत टाकला गेला की धडधाकट असूनही निकामी ठरते. ज्या पॉलियुरेथेनचे किंवा सिलिकॉनचे ते घडलेले असते ते मात्र सहजी कुजत नाही. खणाच्या तळाशी पडलेल्या जुन्या कव्हरांच्या ढिगात आच्छादने शाबूत आहेत आणि ज्यांच्यासाठी ती घेतली होती त्या वस्तू उरलेल्या नाहीत.